परदेशी घरखरेदी आणि हुंडणावळ : बँकांच्या आकारणीचे विवेचन

१. विषयप्रवेश

मुंबईत मिळविलेला पैसा मुंबईबाहेर घरदार करण्यासाठी धाडणे हा या शहराचा जुना परिपाठ आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांतील कामगार पगार झाला की रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतील आपल्या गावी मनिऑर्डर करीत. त्या पैशातून शेती सांभाळली जाई, सावकाराचे देणे फिटे आणि क्वचित घरावर नवी कौलेही चढत. टपाल खात्याने मनिऑर्डरीची सोय १८८० साली सुरू केली. तिच्या अखेरच्या दशकांत कमिशनचा दर दर वीस रुपयांस एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असा होता. हा दर जड होता यात शंका नाही. परंतु तो उघड होता. शंभर रुपये धाडावयाचे तर खिडकीवर एकशे पाच मोजावे लागत आणि गावी पुरे शंभर पोचत. धाडणारा निरक्षर असला तरी आपणांस भुर्दंड किती पडला हे त्यास नेमके ठाऊक असे.

आता त्याच गिरणगावात गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, आणि गिरगाव-दादरच्या अनेक कुटुंबांतील मुलेबाळे परदेशी स्थायिक झाली आहेत. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली सदनिका विकून, अथवा निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून, लंडन, न्यू जर्सी किंवा दुबई येथे घर घेण्याचा विचार ही केवळ अतिश्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. अशा खरेदीत मालमत्तेची किंमत, तेथील मुद्रांकशुल्क, वकिलाची फी इत्यादींचा विचार कसोशीने केला जातो. पैसा तेथे पोचविण्यास काय पडते, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी, आणि तोही चुकीच्या शब्दांत, विचारला जातो. ‘बँकेचा आकार किती?’ असे विचारले असता जे उत्तर मिळते ते खरे असूनही अपुरे असते. ज्या खर्चास आकार म्हणतात तो सर्वांत लहान, आणि जो सर्वांत मोठा त्यास नावच नाही, अशी येथील स्थिती आहे. या खर्चाचे घटक वेगळे करून दाखविणे आणि त्यांची एकत्र मोजणी कशी करावी हे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. हुंडणावळीची कल्पना

मराठीत या विषयाला एक जुना आणि नेमका शब्द आहे : हुंडणावळ. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी हुंडीने पोचविण्याचा जो मोबदला सराफ घेई तो हुंडणावळ. दाखविताच पटविली जाणारी दर्शनी हुंडी असो वा ठराविक काळाने पटणारी मुदती हुंडी असो, हुंडणावळ ठरताना सराफ अनेक गोष्टी जमेस धरी : ज्या गावी पैसा द्यावयाचा तेथे रोकड मुबलक आहे की तुटवडा, हंगाम कोणता, आपल्या आडत्याची पत काय. कापसाच्या हंगामात वऱ्हाड-खानदेशाकडे पैशाची ओढ लागली की त्या बाजूचा भाव चढे. निरनिराळ्या टांकसाळींची नाणी चलनात असताना एक नाणे देऊन दुसरे घेताना जी तूट सोसावी लागे तिला बट्टा म्हणत.

पुढे हाच शब्द मराठी अर्थविषयक लेखनात दोन देशांच्या चलनांतील विनिमयदरासाठी रूढ झाला. या अर्थांतराने एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. सराफाच्या पेढीवर पोचविण्याची मजुरी आणि नाण्याचा भाव ही एकाच दरात मिसळून गेलेली असत. भावात मजुरी किती हे गिऱ्हाइकास वेगळे दिसत नसे. आजच्या बँकव्यवहारात मजुरीचा एक छोटा भाग बाहेर काढून त्यास ‘प्रेषण-शुल्क’ असे नाव दिलेले आहे. उरलेला मोठा भाग पूर्ववत् भावातच आहे.

३. कायद्याची चौकट

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या २५ व्या कलमानुसार भारतात राहणाऱ्या नागरिकास देशाबाहेर स्थावर मालमत्ता धारण करण्यावर निर्बंध होते. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजेच फेमा, १ जून २००० पासून अमलात आला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ४ फेब्रुवारी २००४ रोजी उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे व्यवहारात जिला एलआरएस म्हणतात ती, सुरू केली. आरंभी एका व्यक्तीस २५,००० डॉलर पाठविता येत. ही मर्यादा वाढत वाढत सप्टेंबर २००७ मध्ये आर्थिक वर्षास २,००,००० डॉलरवर गेली.

वाट नेहमी चढतीच राहिली असे मात्र नाही. २०१३ च्या मे महिन्यात डॉलरला सुमारे ५४ रुपये पडत होते. २८ ऑगस्ट रोजी हा भाव ६८ च्या पुढे गेला. त्या धामधुमीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी मर्यादा ७५,००० डॉलरवर आणली गेली आणि या योजनेखाली परदेशी स्थावर मालमत्ता घेण्यास मनाई झाली. ही मनाई जुलै २०१४ मध्ये उठली. जून २०१४ मध्ये १,२५,००० डॉलरवर गेलेली मर्यादा मे २०१५ मध्ये २,५०,००० डॉलर झाली. २२ ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूकविषयक नियमांनी मालमत्ताखरेदीचे मार्ग पुन्हा एकत्र मांडले : वारसा, एलआरएसखालील प्रेषण, निवासी परकीय चलन खात्यातील शिल्लक, परदेशस्थ नातेवाइकासह संयुक्त खरेदी इत्यादी. देशात राहणारे नातेवाईक आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात. मात्र त्यांपैकी प्रत्येकाने योजनेच्या अटी पाळावयास हव्या, आणि मालमत्तेत त्यांचा सहमालक म्हणून वाटा असावा लागतो.

या चौकटीतील एक अट आकारणीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. अशा भांडवली स्वरूपाच्या प्रेषणासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे धाडावयाची रक्कम आणि तिच्यावरील सर्व आकार व करवसुली, हे सारे खरेदीदाराच्या स्वतःच्या गाठीशी रोख असावे लागते. ऐन वेळी उणे पडलेली रक्कम बँकेकडून उचलून भागविता येत नाही.

४. आकारणीचे घटक

दादरच्या एखाद्या बँकशाखेतून निघालेले डॉलर परदेशातील विक्रेत्याच्या खात्यात पडेपर्यंत खर्चाचे पाच घटक संभवतात.

पहिला घटक प्रेषण-शुल्क. ए-२ अर्जाची छाननी करणे व संदेश धाडणे यांबद्दल बँक ठराविक रक्कम घेते. ही सामान्यतः काही शेकड्यांपासून एकदोन हजार रुपयांपर्यंत असते आणि तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो. जाहिरातीत ‘शून्य शुल्क’ म्हणून जे माफ केले जाते ते बहुधा हेच.

दुसरा घटक दरफरक. बँका आपापसांत ज्या भावाने डॉलर घेतात व जो भाव ग्राहकास लावतात त्यांतील हे अंतर होय. ग्राहकास लागणाऱ्या भावास बँकेच्या परिभाषेत अद्याप ‘टीटी विक्रीदर’ म्हणतात. तारेने पैसा धाडण्याच्या काळाची ती खूण आहे. शाखेतील फलकावर लावलेला दर हा अखेरचा शब्द नव्हे. रक्कम मोठी असेल तर तो बोलणी करून कमी करता येतो. बाजारभाव पडताळण्यासाठी संदर्भदर उपलब्ध असतो. जुलै २०१८ पासून तो फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था प्रसिद्ध करते. त्यापूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करीत असे. दुबईच्या व्यवहारात आणखी एक सोपी कसोटी आहे. तेथील दिऱ्हामचा भाव १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. डॉलर ८५ रुपये असेल तर दिऱ्हाम सुमारे २३ रुपये १५ पैसे पडला पाहिजे. बँकेने २३ रुपये ५० पैसे सांगितले तर दरफरक दीड टक्का आहे, हे साध्या भागाकाराने कळते.

तिसरा घटक चलनपालटावरील वस्तू व सेवा कर. हा कर पूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरविलेल्या कल्पित मूल्यावर असतो. पहिल्या १ लाख रुपयांस एक टक्का. १ लाख ते १० लाख या टप्प्यात १,००० रुपये अधिक वरील रकमेचा अर्धा टक्का. १० लाखांपुढे ५,५०० रुपये अधिक वरील रकमेचा एक दशांश टक्का, आणि कमाल ६०,००० रुपये, असे हे मूल्य धरतात व त्यावर १८ टक्के कर घेतात. सबब हा कर कोणत्याही एका व्यवहारात १०,८०० रुपयांपलीकडे जात नाही.

चौथा घटक वाटेतील बँकांची वजावट. भारतीय बँकेचे परदेशातील प्रत्येक बँकेत खाते नसते. डॉलरचा व्यवहार ती आपल्या न्यूयॉर्कमधील आडत्या बँकेमार्फत करते. तेथून पैसा गरजेप्रमाणे दुसऱ्या, तिसऱ्या बँकेकडे जातो. या बँकांना परस्परांशी जोडणारी स्विफ्ट ही बेल्जियममधील सहकारी संस्था १९७३ साली स्थापन झाली व १९७७ पासून तिचे संदेशवहन सुरू झाले. प्रत्यक्ष पैसा तिच्यातून वाहत नाही. वाहतो तो निरोप. त्या निरोपात वाटेचा खर्च कोणी सोसावयाचा हे तीन अक्षरांनी सांगितलेले असते. ‘अवर’ म्हणजे सर्व खर्च धाडणाऱ्याचा; ‘शा’ म्हणजे दोघांत वाटून; ‘बेन’ म्हणजे घेणाऱ्याचा. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत वाटेतील बँका आपला आकार मूळ रकमेतूनच कापून घेतात.

कापली जाणारी रक्कम पाचपंचवीस डॉलरच असते. पण घरखरेदीत प्रश्न तिच्या आकारमानाचा नसतो. करारात ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम पुरती पोचली नाही तर हप्ता अपुरा भरला असे होते, आणि कराराच्या अटींनुसार दंड, व्याज वा इसाराची जोखीम उभी राहते. पंचवीस डॉलरची तूट भरून काढण्यास दुसरे प्रेषण, दुसरे शुल्क आणि आणखी दोनतीन दिवस लागतात. म्हणून मालमत्तेच्या व्यवहारात ‘अवर’ हीच खूण घालून घेणे श्रेयस्कर. तरीही विक्रेत्याची स्वतःची बँक आवक रकमेवर काही घेते की काय, हे आधी विचारून ठेवावे.

पाचवा घटक आयकराची आगाऊ वसुली, म्हणजे टीसीएस. हा वस्तुतः आकार नव्हे. परंतु ऐन वेळी सर्वांत मोठी रोकड यासाठीच लागते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

५. एक कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी १,००,००० डॉलरचे एक प्रेषण घेऊ. आकडे उदाहरणापुरते असून बाजारभाव डॉलरला ८५ रुपये धरला आहे. करांचे नियम २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

पहिली बँक प्रेषण-शुल्क मुळीच घेत नाही. तिचा दर ८६ रुपये ३० पैसे. डॉलरची किंमत झाली ८६,३०,००० रुपये. चलनपालटावरील कर २,३६३ रुपये. एकूण ८६,३२,३६३ रुपये. शिवाय खर्चाची खूण ‘शा’ असल्याने वाटेत २५ डॉलर कापले गेले असे समजू. विक्रेत्यास ९९,९७५ डॉलरच पोचले.

दुसरी बँक शुल्क घेते १,००० रुपये, त्यावर कर १८० रुपये. ‘अवर’ प्रकाराबद्दल आणखी २,५०० रुपये. तिचा दर मात्र ८५ रुपये ४० पैसे. डॉलरची किंमत ८५,४०,००० रुपये, चलनपालटावरील कर २,३४७ रुपये. एकूण ८५,४६,०२७ रुपये, आणि विक्रेत्यास पुरे १,००,००० डॉलर.

जी बँक काहीच घेत नाही ती ८६,३३६ रुपयांनी महाग पडली, आणि वर रक्कमही अपुरी पोचली. पहिल्या बँकेच्या पावतीवर आकाराच्या रकान्यात शून्य आहे आणि ते शून्य खोटे नाही. फक्त तो रकाना किमतीचा नव्हे. डॉलरमागे १ रुपया ३० पैसे, म्हणजे सुमारे दीड टक्का, हा खर्च भावात विरघळला असल्यामुळे त्याची पावती कोठेच मिळत नाही. मनिऑर्डरीचा शेकडा पाचाचा दर याहून कितीतरी जड होता. पण तो कामगारास दिसत होता. येथे दर हलका असला तरी रक्कम मोठी आहे, आणि दीड टक्क्याचे लाखात रूपांतर करून पाहण्याची सवय सहसा नसते.

यावरून तुलनेची योग्य रीत निष्पन्न होते. बँकेस ‘आकार किती’ असे न विचारता, ‘विक्रेत्याच्या खात्यात पुरे एक लाख डॉलर पडण्यासाठी खात्यातून एकूण किती रुपये जातील’ असे विचारावे. या एका आकड्यास ‘पोचती किंमत’ म्हणता येईल. दोनतीन बँकांकडून एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासाला, पोचती किंमत लेखी घेतली तर दर, शुल्क, वजावट या सर्वांची बेरीज आपोआप होते. तिच्यातून त्याच क्षणीच्या बाजारभावाची किंमत वजा केली की खरी हुंडणावळ हाती येते.

६. टीसीएस : खर्च नव्हे, अडकलेला पैसा

१९६१ च्या आयकर कायद्यात २०२० मध्ये घातलेल्या तरतुदीने १ ऑक्टोबर २०२० पासून एलआरएसखालील प्रेषणांवर टीसीएस सुरू झाला. आरंभी ७ लाखांवरील रकमेस तो ५ टक्के होता. शिक्षण व औषधोपचार यांव्यतिरिक्तच्या कारणांसाठी, म्हणजे मालमत्ताखरेदीसही, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २० टक्के झाला. १ एप्रिल २०२५ पासून सुटीची मर्यादा १० लाख रुपये झाली.

वरील दुसऱ्या बँकेच्या उदाहरणात ८५,४०,००० मधून १०,००,००० वजा जाता ७५,४०,००० रुपयांवर २० टक्के म्हणजे १५,०८,००० रुपये टीसीएस होतो. प्रेषणाच्या दिवशी खात्यात एकूण १,००,५४,०२७ रुपये असावे लागतात. साडेपंचाऐंशी लाखांच्या हिशेबाने निघालेल्या कुटुंबास ही तफावत कळते ती बहुधा बँकेच्या खिडकीवर. आणि कर्जाची वाट बंद असल्यामुळे तेथे मुदतठेव मोडणे किंवा हप्ता चुकविणे एवढेच पर्याय उरतात.

ही रक्कम सरकारजमा झाली तरी ती खरेदीदाराचीच असते. वार्षिक विवरणपत्रात ती देय करातून वळती होते व उरलेली परत मिळते. खर्च असतो तो अडकलेल्या काळाचा. वर्षाला सात टक्के धरले तर १५,०८,००० रुपये बारा महिने अडकल्याची किंमत १,०५,५६० रुपये होते. म्हणजे चांगला दर मिळविण्यात जे वाचले त्याहून अधिक येथे जाऊ शकते. परताव्यावर सरकार जे व्याज देते ते दरमहा अर्धा टक्का, आणि सामान्यतः आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. तत्पूर्वीच्या महिन्यांचे काहीच नाही. सबब एप्रिलमध्ये केलेले प्रेषण या दृष्टीने सर्वांत महाग आणि मार्चमधील सर्वांत स्वस्त. ज्यांना आगाऊ कर भरावा लागतो त्यांनी ही रक्कम त्या हप्त्यांतून वळती करावी. पगारदारास १ ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या मालकास कळवून वेतनातील करकपात तितकी कमी करून घेता येते. ज्यांचे करपात्र उत्पन्न अल्प आहे अशा निवृत्त व्यक्तींना मात्र परताव्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही; आणि आयुष्याची पुंजी परदेशी घरात घालणारे पुष्कळदा हेच असतात.

७. विभागणीचा लाभ आणि मर्यादा

दहा लाखांची सूट दर व्यक्तीस दर आर्थिक वर्षाला मिळते. पतिपत्नी दोघेही सहमालक असून प्रत्येकाने स्वतःच्या पैशातून निम्मी रक्कम धाडली तर वरील टीसीएस १५,०८,००० वरून १३,०८,००० रुपयांवर येतो. करारातील हप्ते तसे बांधून प्रत्येकाची रक्कम मार्च व एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागली तर तो ९,०८,००० रुपयांवर उतरतो. विभागणी फुकट मात्र होत नाही. चार प्रेषणांना शुल्क चौपट लागते, आणि चलनपालटावरील कर टप्प्यांच्या रचनेमुळे २,३४७ वरून सुमारे ४,७७७ रुपये होतो. हा वाढावा थोडा आहे. खरी जोखीम भावाची. मधल्या काळात डॉलर एक रुपयाने चढला आणि निम्मी रक्कम धाडावयाची राहिली असेल तर ५०,००० रुपये अधिक पडतात. ज्यांनी परदेशी बांधकामाचे हप्ते तीनचार वर्षांवर पसरविले आहेत त्यांनी हा धोका प्रत्येक हप्त्यागणिक पत्करलेला असतो. दिऱ्हाम डॉलरशी बांधलेला असला तरी रुपया बांधलेला नाही.

परदेशातून परतलेल्या व्यक्तीचे प्रकरण वेगळे आहे. तेथील बचत निवासी परकीय चलन खात्यात ठेवली असेल तर ती रुपयांत पालटून पुन्हा डॉलर घेण्याचे कारण पडत नाही. दोन्ही वेळचा दरफरक वाचतो. घाईने रुपये करून घेतल्यावर हा लाभ परत मिळविता येत नाही.

८. दर्शनी दराकडे

दरफरक उघडा करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न योगायोगाने दादरमध्येच झाला आहे. दादर पश्चिमेस, रावबहादूर सी. के. बोले यांच्या नावाच्या रस्त्यावर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय आहे. २००१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘एफएक्स-रिटेल’ हा व्यवहारमंच सुरू केला. त्यावर नोंदणी केलेल्या ग्राहकास बाजारात चाललेला डॉलरचा भाव प्रत्यक्ष दिसतो व त्याच भावाने खरेदी करता येते. बँकेने आपला मोबदला आधी ठरवून वेगळा सांगावयाचा असतो. भाव आणि मजुरी या मंचावर वेगळी होतात, हे त्याचे महत्त्व. सराफाच्या पेढीवर एकजीव असलेल्या दोन गोष्टींची ही फारकत होय.

तथापि केवळ साधन उपलब्ध झाल्याने बाजार पारदर्शक होत नाही. नेहमी परकीय चलन घेणारा व्यापारी पैशा-दोन पैशांवर घासाघीस करतो, कारण त्यास उद्या पुन्हा डॉलर घ्यावयाचे असतात. घर घेणारे कुटुंब हा व्यवहार आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करते. त्यास अनुभव येतो तेव्हा त्याचा उपयोग संपलेला असतो. अशा ग्राहकासाठी बँकांची स्पर्धा जो आकडा दिसतो त्याच आकड्यावर होते. म्हणून शुल्क शून्याकडे जाते आणि दर जागच्या जागी राहतो. परदेशी घरखरेदी हे याचे एक ठळक उदाहरण असले, तरी परदेशी शिकणाऱ्या मुलांची फी आणि परदेशातून येणारा पैसा यांनाही हेच तत्त्व लागू पडते. प्रत्येक बँकेने प्रेषणापूर्वी पोचती किंमत आणि त्या क्षणीचा बाजारभाव एकाच ओळीत लिहून देण्याचा प्रघात पडला, तर जे ज्ञान पूर्वी मनिऑर्डरीच्या खिडकीवरील निरक्षर कामगारासही सहज होत असे, ते आज पदवीधर खरेदीदारास होऊ लागेल.